सीएलएलच्या रुग्णाची त्वचा कशी तपासावी : त्वचेच्या कर्करोगाचा धोका ठरवण्याची एक पद्धत

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे दवाखान्यातल्या रोजच्या बोलण्यातला सीएलएल, हा पुष्कळदा संथपणे चालणारा रक्ताचा कर्करोग आहे. त्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे दर तीन-चार महिन्यांनी येतो, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पुढे करतो, मानेतल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी चाचपून घेतो, पोटावर हात ठेवून प्लीहा वाढली आहे का ते पाहिले जाते, आणि "सध्या औषधाची गरज नाही" हे ऐकून समाधानाने घरी जातो. या भेटींत सदरा निघालाच तर पोट तपासण्यापुरता निघतो, आणि पायातले मोजे बहुधा निघतच नाहीत. त्वचा पाहणे हे रक्तविकारतज्ज्ञाला त्वचारोगतज्ज्ञाचे काम वाटते, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे रुग्ण येतो तो खाज सुटली तरच. या दोन दवाखान्यांच्या मधल्या जागेत जे राहून जाते ते कसे पकडावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो मी मुख्यतः फॅमिली डॉक्टर आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी लिहीत असलो, तरी रुग्णाच्या घरच्यांनाही वाचता येईल असा ठेवला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा वेगळा आजार असून येथे सांगितलेले सारे त्याला जसेच्या तसे लागू होत नाही. त्या रुग्णाने पूर्वी हायड्रॉक्सियुरिया पुष्कळ वर्षे घेतली असेल तर मात्र त्याची त्वचाही याच काळजीने पाहावी, कारण त्या औषधाच्या दीर्घ वापरानंतर उन्हाच्या जागी कर्करोगपूर्व चट्टे आणि स्क्वेमस सेल कर्करोग, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग, झाल्याची नोंद आहे.

धोका दोन प्रकारचा असतो

"सीएलएलमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा धोका आठपट असतो" हे वाक्य इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आढळते की रुग्ण ते छापून घेऊन येतात. हा आकडा गोऱ्या कातडीच्या लोकसंख्येतून आलेला आहे. तेथे बेसल सेल (त्वचेच्या वरच्या थराच्या तळातल्या पेशींचा) आणि स्क्वेमस सेल हे दोन कर्करोग मुळातच इतके सर्रास होतात की त्यांच्या आठपटीला मोठा अर्थ असतो. आपल्याकडे, मेलॅनिनने भरलेल्या त्वचेत, मूळ प्रमाणच कमी आहे, आणि लहान आकड्याची आठपटही लहानच राहते. तेव्हा सावळ्या वर्णाच्या रुग्णाला हा आकडा सांगून घाबरवण्यात काही मतलब नाही.

पण हा झाला पहिला प्रश्न : कर्करोग होण्याची शक्यता किती? दुसरा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते आपल्या रुग्णांसाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे : झालाच तर तो किती उग्र निघेल? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मोज पद्धतीने, म्हणजे कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत तपासत, गाठ काढल्यानंतरही सीएलएलच्या रुग्णांत स्क्वेमस सेल कर्करोग परत येण्याचे प्रमाण इतरांच्या सातपट आणि बेसल सेलचे चौदापट आढळले. स्क्वेमस प्रकार लसिका ग्रंथींत पसरण्याची शक्यताही या रुग्णांत जास्त असते. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, आणि मर्केल सेल हा विरळ पण वेगाने वाढणारा त्वचेचा कर्करोग, हे दोन्ही सीएलएलमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतात आणि झाल्यावर अधिक घातक ठरतात. कातडीचा रंग पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी बदलतो, पण दुसऱ्या प्रश्नात त्याच्या भरवशावर राहता येत नाही, कारण तेथे कारण त्वचेत नसून रक्तात आहे.

ते कारण असे. सीएलएलमधल्या बी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, संख्येने पुष्कळ असल्या तरी कामाच्या नसतात. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे, कमी होतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी आणि नॅचरल किलर पेशी थकल्यासारख्या वागतात. उन्हाने किंवा जुन्या जखमेने बिघडलेली एखादी पेशी निरोगी माणसात जेथे टिपली जाते, तेथे या माणसात ती निसटते. हा दुबळेपणा औषध सुरू होण्याच्या आधीपासून असतो, म्हणून "अजून केमो सुरू नाही, मग प्रतिकारशक्ती ठीकच असणार" हा समज चुकीचा आहे.

विचारायचे काय

इतिहास घेताना आधी रक्ताची बाजू लिहून घ्यावी. आजार किती वर्षांचा आहे आणि राय वर्गीकरणात तो कोणत्या पायरीवर आहे? जोधपूरला जन्मलेल्या कांती राय यांनी १९७५ साली मांडलेले हे वर्गीकरण शून्य ते चार असे चालते, त्यात तिसरी पायरी हिमोग्लोबिन घसरल्याची आणि चौथी प्लेटलेट घसरल्याची असते, आणि ते ठरवायला साधा सीबीसी व आपले हात पुरतात. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१४ साली दाखवले की सीएलएल असलेल्या माणसाला त्वचेचा कर्करोग झाल्यावर पुढे काय होणार हे त्वचेवरच्या गाठीच्या पायरीप्रमाणेच ल्युकेमियाच्या पायरीवरही अवलंबून असते. तेव्हा राय तीन किंवा चार असेल तर तो आकडा त्वचेच्या तपासणीच्या कागदावरही ठळक यावा.

नंतर औषधे पाहावीत. आताची पाहावीतच, पण दहा वर्षांपूर्वीचीही पाहावीत. फ्लुडाराबिन या सीएलएलवरच्या केमोच्या औषधाने उतरलेल्या टी-पेशी वर येण्यास वर्षाहून अधिक काळ जातो, आणि बेंडामस्टिननंतरही हीच तक्रार असते. इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब आणि झॅनुब्रुटिनिब या सीएलएलवरच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत दुसऱ्या कर्करोगांची सूचना दिलेली असते आणि त्यांत त्वचेच्या कर्करोगांचा उल्लेख असतो. सीएलएलमुळे रक्तपेशी फुटत असतील आणि त्यासाठी अझाथायोप्रिन दिले गेले असेल, तर तेही स्क्वेमस कर्करोगाचा धोका वाढवणारे औषध आहे. बुरशीच्या संसर्गासाठी व्होरिकोनॅझोल महिनोन्‌महिने चालले असल्यास उन्हाचा त्रास आणि पुढे कर्करोग, दोन्हींचा विचार करावा.

रक्तदाबाच्या गोळीबद्दल कोणी विचारत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड हे त्या गोळीत पुष्कळदा असणारे औषध उन्हाला त्वचा हळवी करते. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून आयुष्यभराची एकूण मात्रा ५०,००० मिलिग्रॅमपुढे गेल्यावर स्क्वेमस कर्करोगाचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली. रोज १२.५ मिलिग्रॅम घेणारा माणूस त्या आकड्याला अकरा वर्षांनी पोहोचतो, २५ मिलिग्रॅम घेणारा साडेपाच वर्षांनी. हा पुरावा मुख्यतः गोऱ्या लोकसंख्येतला आहे, म्हणून केवळ त्यासाठी गोळी घाईने बंद करू नये, आणि रुग्णाने स्वतःहून तर मुळीच बंद करू नये. पण सीएलएलच्या रुग्णाला दुसरी गोळी सहज चालणार असेल तर ती का देऊ नये, हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

तिसरी बाजू त्वचेची स्वतःची. पाश्चात्त्य प्रश्नावलीत पहिला प्रश्न लहानपणी उन्हाने किती वेळा अंग भाजले हा असतो. आपल्या शेतकऱ्याला तो विचारला तर तो हसेल, आणि त्याचे हसणे रास्तच आहे. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात : अंगावर कोठे भाजल्याचा जुना व्रण आहे का, कधी भरून न आलेली जखम आहे का, हाडाच्या संसर्गाचे वाहते तोंड आहे का, कमरेला घट्ट बांधण्याची सवय आहे का, पूर्वी रेडिएशन घेतले आहे का, आणि पाणी कोठले प्यायले आहे. शेवटचा प्रश्न आर्सेनिकसाठी असतो. पश्चिम बंगाल व बिहारच्या विहिरी सर्वांना ठाऊक आहेत, पण आपल्या सीमेलगत छत्तीसगडमध्ये राजनांदगावकडच्या काही गावांतही भूजलात आर्सेनिक आढळले आहे, आणि त्या पाण्याने तळहात-तळपाय खरखरीत होऊन पुढे बोवेन रोग (त्वचेच्या वरच्या थरापुरता मर्यादित असलेला सुरुवातीचा कर्करोग) व त्वचेचे इतर कर्करोग होतात. रुग्णाला जन्मजात वर्णहीनता असेल, तर वर केलेला सावळ्या त्वचेचा सारा युक्तिवाद रद्द समजावा. अशा माणसाला उन्हाचा धोका सर्वांत जास्त असतो.

कमरेच्या प्रश्नावर थोडे थांबतो. धोतर, साडी किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथे काळपट पट्टा पडतो, कातडी सोलवटते, जखम होऊन भरते आणि पुन्हा होते, आणि क्वचित त्या जागी स्क्वेमस कर्करोग उठतो. धोती कॅन्सर आणि साडी कॅन्सर ही नावे भारतीय डॉक्टरांनीच दिलेली आहेत. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि त्यांतली एक परकराशिवाय लुगडे नेसणारी होती. हे प्रकार विरळाच आहेत. पण सीएलएल असलेल्या आजीची कंबर पाहायला अर्धे मिनिट पुरते, आणि नाडी सैल बांधणे किंवा रुंद पट्टा वापरणे हा उपाय फुकटचा आहे. पुरुषांच्या बाबतीत करदोड्याखालची जागाही पाहावी.

पाहायचे कसे

खोलीत भरपूर उजेड असावा, पडदा असावा, स्त्री रुग्णासोबत स्त्री परिचारिका असावी, आणि तपासणी डोक्यापासून पायापर्यंत एकाच क्रमाने करावी. क्रम ठरलेला असला की जागा सुटत नाहीत. टोपी किंवा फेटा काढायला लावून टक्कल आणि केसांचे भांग पाहावेत, मग कानांची पाळी व कानामागे, पापण्या, नाक, खालचा ओठ, तोंडाच्या आतली बाजू, मान, पाठ, छातीखालच्या घड्या, कंबर, जननेंद्रिये, पोटऱ्या, तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. नेलपॉलिश पुसायला लावावी. मोजे काढणे वैकल्पिक नाही.

आपल्या त्वचेत या गाठी पुस्तकातल्या चित्रांसारख्या दिसत नाहीत. बेसल सेल कर्करोग गोऱ्या चेहऱ्यावर गुलाबी मोत्यासारखा असतो, तर आपल्याकडे तो काळा, चकचकीत, मध्ये किंचित खोल आणि कडेला मणी असलेला दिसतो, आणि रुग्ण त्याला तीळ म्हणतो. पन्नाशीनंतर नव्याने उगवलेला आणि मध्येमध्ये रक्त येऊन खपली धरणारा तीळ हा तीळ नसतो, असे धरूनच पुढे जावे. मेलॅनोमा सावळ्या त्वचेत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, त्यामुळे भोवरी म्हणून वर्षभर कॉर्नकॅप लावलेली काळी जागा आणि चेंगरल्याचे म्हणून सोडून दिलेले काळे नख, दोन्ही संशयास्पद आहेत. नखातला काळा पट्टा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवावे. मर्केल सेलची गाठ दुखत नाही, लालसर-जांभळी असते आणि आठवड्यांत वाढते.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. सीएलएलवर नुसते लक्ष ठेवून असलेले, पासष्टी ओलांडलेले एक शेतकरी अंगाच्या खाजेसाठी माझ्याकडे आले होते. उजव्या नडगीवर हळद भरलेल्या फडक्याची पट्टी होती. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते लहानपणचं आहे डॉक्टर, चुलीवरचं पाणी सांडलं होतं." मी मान डोलावली आणि खाजेचे औषध लिहून दिले. अडीच महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा वास पट्टीच्या आधी खोलीत शिरला. व्रण खरोखर लहानपणचा होता, पांढरट, ताणलेला, केस नसलेला. पण त्याच्या खालच्या काठावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी जी ओली वाढ होती ती चार-पाच महिन्यांची होती, आणि त्यांच्या उत्तरात तिचा समावेश नव्हता. जुन्या व्रणात उठणाऱ्या या स्क्वेमस कर्करोगाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. तेव्हापासून "जुनं आहे" हे उत्तर मी व्रणापुरते घेतो आणि व्रणावरच्या प्रत्येक उंचवट्याचे वय वेगळे विचारतो. पट्टी तर सोडवतोच.

गाठी चाचपताना सीएलएल आपल्याला एका पेचात टाकतो. लसिका ग्रंथी या आजाराने आधीच वाढलेल्या असतात, मग त्वचेच्या कर्करोगाने वाढलेली गाठ ओळखायची कशी? सीएलएलच्या गाठी सहसा दोन्ही बाजूंना, रबरासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या आणि न दुखणाऱ्या असतात. संशयित जागेचा निचरा जिकडे होतो त्या बाजूची एकच गाठ खड्यासारखी टणक, खाली चिकटलेली आणि मागच्या भेटीपेक्षा मोठी लागली, तर "सीएलएलचीच असेल" म्हणून सोडू नये. सुईने नमुना घ्यावा किंवा गाठ काढून तपासावी.

काही जागा कर्करोगाच्या नसतानाही घाबरवतात. सीएलएलच्या रुग्णांत डास चावल्यासारख्या मोठ्या, टिकून राहणाऱ्या गांधी उठतात, नागीण पुष्कळदा होते, आणि क्वचित ल्युकेमियाच्या पेशी स्वतःच त्वचेत उतरतात. नुसत्या नजरेने निवाडा होत नसेल तेथे बायोप्सी करणे हेच शहाणपणाचे.

बायोप्सी आणि तिचा अर्ज

बायोप्सीपूर्वी प्लेटलेट पाहाव्यात. रुग्ण इब्रुटिनिब किंवा त्या गटातली गोळी घेत असेल तर रक्त अधिक वाहते, म्हणून ती शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर किती दिवस थांबवायची हे रक्तविकारतज्ज्ञाने ठरवावे. त्वचेचा लहान नमुना घेण्यासाठी सरसकट औषध बंद करू नये.

पॅथॉलॉजीच्या अर्जावर "न भरणारी जखम, नडगी" एवढेच लिहून पाठवण्याची आपली सवय येथे महागात पडते. सीएलएलमध्ये गाठीभोवती ल्युकेमियाच्या लिम्फोसाइटांची इतकी दाटी असू शकते की तिच्यात कर्करोगाची बारीक बेटे झाकली जातात, आणि उलट ती दाटी साधी सूज म्हणूनही वाचली जाऊ शकते. अर्जावर "सीएलएल, इतकी वर्षे, अमुक औषध" असे लिहावे. अहवालात चार गोष्टी मागाव्यात : गाठीचा व्यास २ सेंटिमीटर वा अधिक आहे का, पेशी कितपत बिघडलेल्या आहेत, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नसेभोवती (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) ती पसरली आहे का, आणि कातडीखालच्या चरबीच्या पलीकडे गेली आहे का. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाची स्क्वेमस कर्करोगाची पायरी या चारांवरच उभी आहे. यांतली एकही नसेल तर टी-१, एक असेल तर टी-२ए, दोन किंवा तीन असतील तर टी-२बी, आणि चारही असतील किंवा हाडात शिरकाव असेल तर टी-३. चेहऱ्यावरच्या गाठीजवळ मुंग्या येणे किंवा बधिरपणा ही नसेभोवतीच्या पसरण्याची खूण असू शकते, म्हणून ते आधीच विचारून अर्जावर लिहावे. प्रतिकारशक्तीचा दुबळेपणा हा स्वतंत्रपणे जास्त जोखमीचा घटक धरला जातो, म्हणजे सीएलएलच्या रुग्णाचा टी-१ हा इतरांच्या टी-१ सारखा निवांत समजू नये.

मग किती दिवसांनी बोलवावे

सीएलएलच्या रुग्णाचा धोका अमुक इतके टक्के असे सांगणारा आणि आपल्या वर्णाला लागू पडणारा तक्ता माझ्या वापरात नाही, आणि गोऱ्या लोकांसाठी बनवलेले गणकयंत्र आपल्या रुग्णावर चालवण्यापेक्षा विचार करून लिहिलेले एक वाक्य बरे. राय शून्य, औषध नाही, व्रण नाही, कचेरीत बसून काम, असा पुण्यातला अठ्ठावन्न वर्षांचा रुग्ण वर्षातून एकदा पूर्ण तपासला तरी पुरे. पूर्वी फ्लुडाराबिन झाले आहे, आता इब्रुटिनिब चालू आहे, दिवसभर उन्हात काम आहे किंवा अंगावर जुना व्रण आहे, यांतले काही असेल तर सहा महिन्यांनी. एकदा त्वचेचा कर्करोग होऊन गेला असेल, किंवा राय तीन-चारसोबत वरचे काही असेल, तर तीन ते चार महिन्यांनी, आणि दर वेळी गाठींसह. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी रुग्णाने तिथल्या गोऱ्या शेजाऱ्याचे भय अंगावर घेऊ नये, पण "आपल्याला काही होत नाही" म्हणून तिथली वार्षिक तपासणीही चुकवू नये.

उन्हाबाबत थोडक्यात. गांधी टोपी डोके झाकते, पण कान, नाक व मान उघडीच राहतात. शेतात रुंद काठाची टोपी, किंवा कानांवरून घेतलेले उपरणे आणि पूर्ण बाह्या, हे महागड्या क्रीमपेक्षा उपयोगी. क्रीम लावायचेच तर एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला दोन बोटे भरून, आणि दर दोन तासांनी पुन्हा. ऊन टाळायला सांगितल्यावर ड जीवनसत्त्व तपासायला विसरू नये. निकोटिनामाइडच्या, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराच्या, गोळीबद्दल हल्ली विचारणा होते. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या चाचणीत तिने नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले, पण ते सहभागी प्रतिकारशक्ती शाबूत असलेले होते. अवयवरोपण झालेल्यांवरच्या २०२३ च्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. त्यामुळे सीएलएलमध्ये मी ती स्वतःहून सुरू करत नाही.

दोन भेटींच्या मधल्या काळात घरच्यांनी महिन्यातून एकदा पाठ, टाळू आणि तळपाय पाहावेत, कारण या जागा रुग्णाला स्वतःला दिसत नाहीत. संशयाची जागा दिसली तर शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढावा आणि तारीख टिपून ठेवावी. चार आठवड्यांत न भरलेली जखम, दोन फोटोंच्या मध्ये नजरेला कळण्याइतकी वाढलेली गाठ, किंवा जुन्या व्रणावर नव्याने उठलेला ओला उंचवटा असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे, आणि येताना पट्टीवर हळद भरू नये.